उधाणाचा घास

सुनेने काचेची टाकी आणली तेव्हा मी माझा पलंग उचलून व्हरांड्यात टाकला. रोह्याचं आमचं घर लहान. बाहेरची खोली माझी, आणि टाकीला जागा तेवढीच. मुलगा म्हणाला, "आण्णा, डास फोडून काढतील तुम्हाला." मी म्हटलं, "खाऊ देत. डासांची मला भीती नाय."

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. पण खाऱ्या पाण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. माझा जन्म पेणच्या खारेपाटातला, धरमतरच्या खाडीकाठचा. आमची भातखाचरं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे फक्त चिखलाचा बांध. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे आमचं जेवण. बापाचं, आज्याचं सगळं आयुष्य एका कामात गेलं, खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. उन्हाळ्यात त्याच पाण्याला मिठागरात घ्यायचं, वाळवायचं, मीठ काढून ठेवायचं. पण घरात त्याला कुणी घेतलं नाही. बायका खाडीत मासे धरून आल्या तरी पायरीवर गोड्या पाण्याने पाय धुऊन मगच उंबरा ओलांडायच्या. आणि ही खांब गावची पोर, खाडीपासून आतल्या अंगाची, जिने लग्नाआधी उधाण कधी बघितलं नव्हतं, तिने पिंपभर खारं पाणी काचेत भरून माझ्या उशाशी आणून ठेवलं.

ती इथे रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिथल्या कुणा ओळखीच्या माणसाची बदली झाली, तो टाकी टाकून चालला होता. टाकीबरोबर एक दगड आला. पांढरा, हाडासारखा, भोकाभोकांचा. त्यावर कुठेकुठे नारिंगी ठिपके.

"हे काय?"

"कोरल. प्रवाळ म्हणतात ना, ते. जिवंत आहे, आण्णा."

"हाड हाय ते नुसतं."

"अर्धं मेलंय. अर्धं जगेल."

"अर्धा मेलेला घरात आणलास गो? लोक पुरा मेलेला बाहेर काढतात."

ती हसली. तिला माझ्या बोलण्याचं काही लागत नाही, हा तिच्यातला मोठा दोष.

मीठ तिने पिशवीतलं, मुंबईहून मागवलेलं. मी म्हटलं, पेणच्या मिठागरातलं चांगलं पांढरं मीठ आणून देतो, आयुष्य त्यात गेलं माझं. ती म्हणाली, "आण्णा, ते खायचं मीठ. याला समुद्रात जे जे असतं ते सगळं लागतं. चुना लागतो, हाडं त्याचीच बनतात." मग फिल्टरच्या पाण्यात ती ते मीठ कालवायची, एका नळीत थेंब घेऊन उजेडाकडे धरून बघायची. कमी-जास्त झालं की पुन्हा. उकाड्याने टाकीतलं पाणी उडायचं, तेवढं गोडं पाणी रोज वरून घालायचं, काचेवरच्या खुणेपर्यंत. खारं घालायचं नाही, कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. हे मात्र तिने मला सांगायची गरज नव्हती.

जगवलं तिने ते. खरं ते सांगायला हवं. बाजारातून करंदी आणायची, ती आमची बारीक कोळंबी, धुऊन अगदी बारीक चिरायची. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो टोपीसारखा त्या दगडावर ठेवायचा, म्हणजे खाणं इकडेतिकडे वाहून जात नाही. मग बाटलीच्या तोंडातून, सुई काढलेल्या सिरिंजने, थोडं थोडं सोडायचं. रोज संध्याकाळी, टाकीचे दिवे बंद करून. उजेडात ते मिटून बसतं. अंधारलं आणि पाण्यात खाण्याचा वास आला की एकेक ठिपका फुगायचा आणि त्यातून फूल निघायचं, झेंडूच्या रंगाचं. प्रत्येक फुलाला मधोमध तोंड. प्रत्येक तोंडाला वेगळं भरवावं लागतं. एकाने खाल्लं म्हणून शेजाऱ्याचं पोट भरत नाही.

मी व्हरांड्यातून बघायचो. पुढे पावसाची झड आत यायला लागली तसा पलंग परत टाकीशेजारी आला. हरलो म्हणून नाही, गादी भिजली म्हणून.

भाद्रपद लागला आणि खांबला तिची आई पडली. मांडीचं हाड गेलं. तिला जाऊन राहणं भाग होतं. मुलाची कंपनीत शिफ्ट, शिवाय त्याला ओल्या जिवंत वस्तूची किळस, लहानपणी चिंबोरीने नांगीत बोट धरलं होतं तेव्हापासून. राहिलो मी.

"जमेल ना, आण्णा?"

"मला विचारतेस?"

"विचारते कारण वर्ष गेलंय माझं त्यात. मेलं तर मला परत नव्याने जमणार नाय."

तिचा आवाज तेव्हा जरा बदलला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं, त्यावर आम्ही कुणी बोलत नसू. मी म्हटलं, "जा तू. आईकडे बघ. तुझा झेंडू मरणार नाय."

करंदी चिरून बर्फाच्या खणांत गोठवून ठेवली होती. एक खण संध्याकाळी काढायचा, विरघळवायचा, भरवायचा. जास्त घालायचं नाही, उरलेलं कुजतं आणि पाणी नासतं. हे तिने जाताना परत परत सांगितलं. मी सांगितल्याबरहुकूम करत होतो. बाटलीच्या तोंडात सिरिंज बरोबर जायची. ती रोज फोन करायची. मी सांगायचो, "जेवलं."

मग पौर्णिमा आली.

दुपारची गोष्ट. मुलगा कामावर. मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आलो, पलंगावर टेकलो. टाकीचे दिवे लख्ख चालू होते. त्या वेळी तो दगड म्हणजे नारिंगी गाठोडं असायला हवा. बघतो तर सगळी तोंडं उघडी. एकूण एक. फुलं पूर्ण फुललेली आणि सगळी पाकळ्या पसरून वाट बघत असलेली. खाणं मी घातलं नव्हतं.

घरात आवाज नव्हता. पाणी ढवळणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी. पाणी टाकीतल्या टाकीत येत होतं आणि जात होतं. मी दिनदर्शिका बघायला उठलो नाही. खारेपाटातल्या माणसाला तिथी अंगात कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे आम्हाला पाढ्यांच्याही आधी शिकवलेलं. पुनवेला निघतात सव्वा अकरा, आणि पाणी खाडीत आत चढेपर्यंत भर दुपार. धरमतरला त्या घटकेला खाडी बांधाच्या माथ्याला टेकलेली असणार.

आणि भाद्रपदातलं ते उधाण.

माझा धाकटा भाऊ भाद्रपदातल्याच उधाणाला गेला. महाराष्ट्र वेगळा झाला त्या सुमाराला, मला मिसरूड फुटत होतं आणि त्याला अजून फुटलं नव्हतं, तरी उंचीने माझ्या वर. बांधाला खांड पडली. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. अशा वेळी गावाचा नियम होता, घरटी एक माणूस निघायचा. खांड मोठी असली तर घरातले सगळे पुरुष. आम्ही दोघे गेलो. त्याने फडक्यात भात आणि भाजलेला जवळा, ती बारीक सुकट, बांधून घेतला होता, काम झालं की खायला. फडकं बांधावर ठेवलं.

माणसांची रांग करायची, चिखलाच्या ढेपा कापायच्या आणि हातोहात पुढे द्यायच्या. तो खांडीत उभा होता, कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, खुंटांना पाठ लावून, छातीभर पाण्यात. त्याच्या आधी रांगेत मी. भरती चढत होती. तो हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "दे." मी द्यायचो. "दे." मी द्यायचो. मग एकदा "दे" म्हणाला, मी ढेप घेऊन वळलो, पुढे केली, आणि घ्यायला हात नव्हते.

हाक मारली मी. पाणी नुसतं आत ओढत होतं. मागून म्हातारी माणसं ओरडली, थांबू नका, खांड मोठी झाली तर गाव जाईल. त्याच्या जागी दुसरा उतरला. रांग थांबली नाही. माझे हातही थांबले नाहीत. ओहोटी लागायच्या आत खांड बांधून झाली.

तो सापडला नाही. होड्या फिरल्या. कुणी म्हणे खाडीने नेला, कुणी हळूच म्हणे बांधातच राहिला असेल. दर्भाचा पुतळा करून दहन केलं. बांध पुन्हा त्या जागी कधी फुटला नाही, आणि गाव बांधाच्या त्या तुकड्याकडे ज्या नजरेने बघायचं ती मला सोसत नसे. फडकं आईने घरी आणलं, तसंच बांधलेलं.

आई म्हणायची, खाडीने नेलेला माणूस उपाशी राहतो. उधाणाच्या पाण्याबरोबर वर येतो आणि वाट बघतो. म्हणून दर पुनवेला आणि अवसेला ती भर दुपारी बांधावर जाऊन भात आणि जवळ्याचा घास पाण्यात सोडायची. तिच्या मागे माझ्या बायकोने सोडला. पुढे तरणी माणसं कंपन्यांत लागली, बांधावर चिखल टाकायला कुणी उरलं नाही, दुसरीकडून खाडी आत आली आणि शेतात कांदळ उगवलं. आम्ही पेणजवळ रामवाडीला येऊन राहिलो. तिथून बायको एसटीने जायची घास घेऊन. ती वारल्यावर मी जायचो. मग गुडघे गेले, मुलाने मला रोह्याला आणलं, आणि घास बंद पडला. माणूस म्हातारा झाला की बरंच बंद पडतं.

आता ही तोंडं माझ्यासमोर उघडी होती. भर उजेडात, भरतीच्या घटकेला.

मला जे वाटलं ते लिहितो, ज्याला हसायचं त्याने हसावं. मला वाटलं, खाऱ्या पाण्याला खाऱ्या पाण्याचा माग लागतो. मी बांधावर जायचा थांबलो, म्हणून तो इथे आला. बांध नव्हता, कांदळ नव्हतं, अडवायला कुणी नव्हतं. सुनेने दार उघडून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी काही केलं नाही. तोंडं बराच वेळ उघडी राहिली, मग मिटली. संध्याकाळी करंदी भरवली तेव्हा अर्धीच उघडली, जशी रुसलेली. फोनवर मी म्हटलं, "जेवलं."

तो पितृपंधरवडा फार जड गेला. पलंग टाकीकडे तोंड करून होता, तो फिरवून घेतला. मग पाठीला जाणवायला लागलं, म्हणून परत फिरवला. सुनेचं सांगणं कानात होतं, जास्तीचं काही घालू नका, पाणी नासतं. ते खोटं नव्हतं. आणि आईचं सांगणंही कानात होतं. दोघींपैकी एकीचं मोडणार हे मला दिसत होतं. मनाशी ठरवलं, अवसेला उघडलं नाही तर गप्प बसायचं. उघडलं तर बघू.

सर्वपित्रीला सकाळी मी भात टाकला, जवळा निवडला, तव्यावर भाजला. दुपारी ताटली घेऊन टाकीसमोर बसलो. दिवे चालू. नारिंगी गाठोडं. बसून राहिलो. आणि मग एक तोंड उघडलं, खालच्या अंगाचं. त्याच्या शेजारचं. मग सगळी.

मी बाटलीची टोपी घेतली नाही. सिरिंज घेतली नाही. भात आणि जवळा एकत्र केला, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि चिमटीने एकेका तोंडाशी धरला. एका तोंडाने भाताचं शीत पकडलं. पाकळ्या आत वळल्या आणि शीत दिसेनासं झालं. माझ्या तोंडून शब्द गेला, "घे." मी घास देत राहिलो, ताटली रिकामी होईपर्यंत. कितीतरी वर्षांत मी इतका निवांत बसलो नव्हतो.

पाणी नासायला वेळ लागला नाही. आधी पेजेसारखं झालं, मग वास सुटला. तोंडं मिटली आणि त्यांच्यावर शेंबडासारखा पदर आला. टाकीत बारीक गोगलगायी होत्या, त्या काचेवरून गळून पडल्या. मी उरलेली शितं चमच्याने काढली, पण जे कुजायचं ते दगडाच्या भोकांत शिरलेलं. फोनवर सून म्हणाली, "जेवलं का?" मी म्हटलं, "जेवलं." ते खोटं नव्हतंच.

मुलगा शिफ्टवरून आला, नाकाला रुमाल लावून दारात उभा राहिला आणि त्यानेच तिला फोन केला.

ती खांबहून मिळेल त्या गाडीने आली. चप्पल काढली, टाकीकडे बघितलं, बादल्या आणल्या. मला काही विचारण्याआधी नळी लावून पाणी काढायला घेतलं. निम्मं पाणी गेलं, नवीन कालवलं, घातलं, परत काढलं. दगड बाहेर काढून मिठाच्या पाण्यात धुतला. मऊ ब्रशने एकेक भोक साफ केलं. बरीच तोंडं ब्रशबरोबर सुटून आली. तिने ती तळहातावर घेतली, बघितली आणि बादलीत सोडली.

मग म्हणाली, "आण्णा, यात काय घातलंत?"

"घास."

"कसला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खांडीपासून. ती काम करत ऐकत होती, नळीतलं पाणी बादलीत पडत होतं. मुलगा दारात तसाच उभा.

तो म्हणाला, "मला काका होता?"

"होता."

"आई खाडीला घास सोडायची ते ठाऊक होतं. कुणासाठी ते आजवर बोललात नाय कधी."

"तुझी आई बोलली नाय, आजी बोलली नाय. मीच का बोलू?"

सून म्हणाली, "पौर्णिमेला दुपारी तुम्ही काय करत होतात? टाकीत हात घातला होतात का?"

"गोडं पाणी घातलं, खुणेपर्यंत. काच पुसली आतून."

"त्याआधी?"

"जवळा निवडत होतो."

"मग तुमच्या हाताचा वास गेला पाण्यात. त्यांना वास आला की ती उघडतात, उजेड असो नसो. अवसेलाही तेच. जवळा भाजून तुम्ही समोर येऊन बसलात."

"अवसेला हात पाण्यात नव्हता. आधी उघडली, मग हात घातला."

"सकाळी पाणी घातलं असेल ना रोजच्यासारखं?"

घातलं होतं. पण सकाळ आणि दुपार यांत फरक आहे. मी म्हटलं, "लॅबमध्ये रक्त बघतेस तू. त्यात माणूस दिसतो का कधी?"

तिने नळी बादलीच्या काठावर टेकवली. "नाय दिसत," म्हणाली. "साखर दिसते तेवढी." आणि हसली, पण डोळे भरलेले होते. दगडाचा अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा हाडासारखा पांढरा झाला होता. तो बघूनच ती रडत होती, हे मला कळत होतं. मी चुकलो असं मी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण तिला वचन दिलं होतं आणि ते राहिलं नाही. ती गोष्ट मला घासाइतकीच लागली.

संध्याकाळी जेवताना तिनेच विषय काढला. "त्यांना जेवायला घालायचं तर घालू या. पण माझ्या टाकीत नाय. त्यांच्या जागेवर."

"जागा राहिली नाय तिथे. कांदळ हाय सगळं."

"जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जाऊ."

आश्विनातल्या पुनवेला आम्ही दोघं एसटीने रामवाडीला उतरलो आणि रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, त्या अंगाला कुणी राहत नाय आता. कुणाकडे जायचंय?" सून म्हणाली, "आमच्या चुलत सासऱ्यांकडे." तो आरशातून बघत राहिला.

वाट संपली तिथे उतरलो. पुढे बांधाचा तुकडा होता, दहा-वीस पावलं, मग चिखल आणि कांदळ. आमची खांड कुठे, आमचं शेत कुठे, मला ओळखता आलं नाही. एवढा मी, आयुष्य तिथे काढलेला, मला बोट दाखवता येईना. लांब धक्क्याकडे मालाची एक बार्ज चालली होती, तिच्या इंजिनाचा आवाज पाण्यावरून येत होता. पाणी चढत चढत कांदळाच्या मुळांत शिरलं, आमच्या पायापाशी आलं आणि थांबलं. भरती पूर्ण झाली की खाडी अशी क्षणभर थांबते.

सुनेने ओढणी डोक्यावर घेतली. वडीलधाऱ्यासमोर घेतात तशी. मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो, पंजाबी ड्रेसवर कसला पदर. पण हसलो नाही. मी घास सोडला. जवळा वर तरंगला, भात खाली गेला. तिनेही ओंजळीतून सोडला आणि हळू आवाजात म्हणाली, "जेवा, मामंजी. आणि आमच्याकडचं पाणी खराब असतं, तिथे येऊ नका." काही हललं नाही. पाणी फिरलं, जवळा घेऊन कांदळात गेलं. आम्ही परत आलो.

घरी उरलेली तोंडं जगली. संध्याकाळी दिवे गेले आणि करंदीचा वास आला की उघडतात, खातात, मिटतात. भरवायचं काम सून आता मला देत नाही, आणि मीही मागत नाही. पांढऱ्या भागावर एक बारीकसा नारिंगी ठिपका नवीन आलाय असं ती म्हणते. मला तो दिसत नाही.

दिवाळीच्या अवसेला मी सकाळपासून जवळ्याला हात लावला नाही. टाकीत पाणी घातलं नाही. साबणाने हात धुतले, म्हणजे कुणाला काही बोलायला जागा राहू नये. दुपारी खुर्ची ओढून समोर बसलो. दिवे लख्ख होते. भरतीची घटका आली. गाठोडं गाठोडंच राहिलं. एक तोंडही उघडलं नाही.

तो तिकडे जेवला म्हणून आला नाही, की आम्ही येऊ नको म्हटलं म्हणून, की कधी आलाच नव्हता, मला कळायला मार्ग नाही. घरात तीच घरघर. पाणी येत होतं आणि जात होतं. मी अंगठ्याने काचेवर दोनदा वाजवलं. मग माझं मलाच ऐकू आलं, मी "ये" म्हणालो होतो.

सून स्वयंपाकघरातून आली. "आण्णा, उघडलं का?"

"नाय."

"मग बरंच झालं ना?"

माझी नजर काचेवरच होती. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग म्हणाली, "ताट वाढलंय. गार होतंय सगळं. चला."

मी म्हटलं, "तू बस जेवायला. भरती ओसरू दे, मग येतो."